पोट आधी, पाय नंतर

१९९६ च्या दिवाळीत माझी थोरली बहीण नेहमीप्रमाणे वसुबारसेलाच माहेरी आली. बरोबर तिची सहा वर्षांची लेक. पंधरवड्यापूर्वी तिचा घसा धरला होता, दोन दिवस ताप होता. पण तो येऊन गेला, आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आल्या आल्या ती अंगणात किल्ल्याच्या मातीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, गुडघा दुखतो. घोटाही जरा सुजलेला दिसला. उकिडवी बसून बसून दुखत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

नरकचतुर्दशीच्या दुपारी पोटात कळा सुरू झाल्या. थांबून थांबून येणाऱ्या, बेंबीभोवती. फराळ बाधला, असं ठरलं. आईनं ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हिरवट उलट्या झाल्या आणि ती पोटाला हात लावू देईना. आम्ही तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो. सणामुळे सोनोग्राफीचं केंद्र बंद होतं. पाडव्याच्या पहाटे अपेंडिक्सचं निदान करून शस्त्रक्रिया झाली. भाऊबीजेच्या दिवशी तिच्या पायांवर लालजांभळे ठिपके उमटले. एक नातेवाईक म्हणाल्या, उटण्याची ॲलर्जी असेल. दुसरे म्हणाले, औषध लागलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी दुसऱ्याच एका रुग्णाला पाहायला आलेल्या बालरोगतज्ज्ञांना तिथल्या सिस्टरनी हाक मारली. त्यांनी पायांवरची चादर वर सरकवली. एका ठिपक्यावर बोट दाबून धरलं. बोट उचललं तरी ठिपक्याचा रंग गेला नव्हता. मग तिला कुशीवर वळवून कमरेखाली पाहिलं. आणि ताईला विचारलं, “ठिपके आधी आले की पोट आधी दुखलं?” ताई म्हणाली, “पोट आधी, पाय नंतर.” त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं, लघवी तपासायला सांगितली आणि ते निघाले. दाराशी माझी आई उभी होती. तिनं विचारलं, “डॉक्टर, फराळानं झालं का हो हे?” ते घाईत होते. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

भाची बरी झाली. पण ‘माहेरच्या तळणानं पोरीचं पोट कापायची वेळ आली’ हे वाक्य ताईच्या सासरी पुढे बरीच वर्षं ऐकू येत राहिलं. आईनं त्यानंतर अनारसे केले नाहीत. २०११ मध्ये ती गेली, तोवर तिच्या प्रश्नाला कुणीही उत्तर दिलं नव्हतं. मीही नाही.

मी डॉक्टर नाही. शिक्षण बारावीपर्यंत, पुढची सत्तावीस वर्षं गावात छापखाना चालवला. आधी खिळे जुळवले, नंतर ऑफसेट आलं, नंतर लग्नपत्रिकाही फोनवरूनच जाऊ लागल्या आणि मी यंत्र विकलं. हाती वेळ आला तेव्हा कागदपत्रांच्या पिशवीत भाचीचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर त्या बालरोगतज्ज्ञांच्या अक्षरात ते नाव होतं : हेनॉक-शॉनलाइन पर्प्युरा. त्या नावातली ही दोन माणसं कोण, इतकंच आधी पाहायचं ठरवलं होतं. त्या शोधात काही वर्षं गेली. हा लेख त्यातून आलेला आहे.

*

‘पर्प्युरा’ म्हणजे जांभळा. समुद्रातल्या एका शिंपल्याच्या गोगलगायीपासून राजवस्त्रांसाठी जो रंग काढत, त्याचं ग्रीक नाव लॅटिनमधून वैद्यकात आलं. कातडीखाली रक्त पाझरून जे ठिपके उमटतात त्यांना हे नाव मिळालं. पण ठिपके हे लक्षण झालं, रोग नव्हे. तापात ठिपके येतात, स्कर्व्हीत येतात, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या तरी येतात. १७३५ मध्ये पॉल वेर्लहोफ या जर्मन वैद्यानं ठिपके आणि रक्तस्रावाच्या एका आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर बराच काळ असे ठिपके दिसले की वैद्याच्या मनात आधी वेर्लहोफच यायचा.

भाचीच्या आजाराचं मला ओळखू आलेलं पहिलं वर्णन विल्यम हेबर्डन यांचं आहे. हे लंडनचे वैद्य, जन्म १७१०. कांजिण्या आणि देवी हे दोन वेगळे रोग आहेत, हे स्पष्टपणे मांडणारे. हृदयातल्या कळेला ‘अंजायना’ हे नाव देणारे. रुग्णाच्या खोलीतच टिपणं करायची आणि महिन्याच्या शेवटी ती पुन्हा वाचून त्यातलं टिकाऊ तेवढं निवडायचं, ही त्यांची पद्धत. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८०२ मध्ये, मुलानं प्रसिद्ध केलं. त्यातल्या जांभळ्या डागांवरच्या छोट्याशा प्रकरणात दोन मुलं आहेत. त्यातला एक पाच वर्षांचा. त्याला अंगावर इकडेतिकडे सूज येई, अधूनमधून पोटात दुखून उलट्या होत. त्या वेळी शौचात रक्ताच्या रेघा दिसत आणि लघवीलाही रक्ताचा रंग येई. पाय दुखला की चालता येत नसे, आणि थोड्याच वेळात त्या पायाची कातडी रक्ताच्या बिंदूंनी भरून जाई.

या चार ओळी वाचल्या तेव्हा मी खुर्चीवरून उठून आत जाऊन पाणी पिऊन आलो. सांधे, पोट, लघवी, कातडी : सगळं तिथं होतं. तपासणीचं एकही यंत्र नसताना एका म्हाताऱ्या वैद्यानं ते एकत्र लिहून ठेवलं होतं. पण हेबर्डननी त्याला नाव दिलं नाही. नाव नसलेली गोष्ट पुढच्या माणसाला हवी तेव्हा सापडत नाही. ते वर्णन छापील पुस्तकात पडून राहिलं आणि वैद्यकानं तोच रोग पुन्हा पहिल्यापासून, तुकड्या-तुकड्यानं शोधायला घेतला.

इथं एक गोष्ट नोंदवतो, कारण मित्रांनी ती हमखास विचारली : हे आपल्याकडे आधीच माहीत नव्हतं का? चरकसंहितेत रक्तपित्ताचं सविस्तर वर्णन आहे. रक्त वरच्या मार्गानं जातं, खालच्या मार्गानं जातं, रोमरंध्रांतूनही बाहेर येतं, असं तिथं म्हटलं आहे. पण रक्तपित्त ही फार मोठी टोपली आहे. नाकाच्या घोळण्यापासून मूळव्याधीपर्यंतचं बरंच काही त्यात बसू शकेल. आमच्या भाचीचा आजार त्या टोपलीतून नेमका वेगळा काढला होता, असं म्हणायला मला आधार सापडला नाही. म्हणून मी तसं म्हणत नाही.

*

नावातला दुसरा माणूस काळानं पहिला. योहान लुकास श्योनलाइन. आपल्याकडचे डॉक्टर त्याचं शॉनलाइन करतात. १७९३ मध्ये बाम्बेर्गला जन्म. वुर्झबुर्गला प्राध्यापक झाले, पण उदारमतवादी राजकारणामुळे तिथून त्यांना जावं लागलं. १८३३ मध्ये झुरिकला आणि १८४० मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयात आले. तिथं लॅटिनऐवजी जर्मनमधून शिकवणारे ते पहिले. ‘ट्युबरक्युलॉसिस’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. डोक्यातल्या एका खवड्याचं कारण बुरशी आहे, हे १८३९ मध्ये त्यांनी दाखवलं. एवढं सगळं करून त्यांनी स्वतः फारच थोडं लिहिलं. त्यांची जी व्याख्यानं छापली गेली, ती विद्यार्थ्यांनी उतरून घेतलेली. १८३० च्या दशकातल्या या व्याख्यानांत त्यांनी दोन लक्षणं एकत्र बांधली : सांधेदुखी आणि जांभळे ठिपके. नाव दिलं ‘पेलिओसिस र्‍हुमॅटिका’. पोट त्यात नव्हतं.

पोट आणलं त्यांच्या विद्यार्थ्यानं. एदुआर्द हेनोख, आपल्याकडचे हेनॉक. १८२० मध्ये बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात जन्म. प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ मोरित्झ रोम्बेर्ग हे त्यांचे मामा. मामाच्या बाह्यरुग्ण विभागात उमेदवारी केल्यावर १८७२ ते १८९३ अशी एकवीस वर्षं त्यांनी शारितेच्या बालरोग विभागाचं काम पाहिलं. त्यांची बालरोगांवरची व्याख्यानं १८८१ मध्ये पुस्तकरूपानं आली. जॉन थॉमसन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८८९ मध्ये लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीनं काढला. तोच मी शब्दकोश शेजारी ठेवून संगणकाच्या पडद्यावर वाचला.

हेनोख यांनी १८६८ मध्ये ठिपके आणि आतड्यांच्या तक्रारी यांचा संबंध पहिल्यांदा मांडला. १८७४ मध्ये चार मुलांच्या हकिकती एकत्र करून त्यांनी सांगितलं, की हा पर्प्युराचा एक खास प्रकार आहे. ठिपके, सांध्यांचं दुखणं, पोटातल्या कळा, उलट्या, शौचातून रक्त. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी माझ्या मते सर्वांत मोलाची आहे : हे सगळं एकदम येत नाही, लाटांनी येतं. एक झटका ओसरतो, चार दिवस बरे जातात, पुन्हा ठिपके, पुन्हा कळा. कधी मधलं अंतर दिवसांचं, कधी आठवड्यांचं.

हे पाहायला काय लागलं असेल? त्या काळी प्लेटलेट मोजता येत नव्हत्या. रक्त थांबवण्यात त्यांचं काम काय, हे इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवलं. क्ष-किरण १८९५ चे. हेनोख यांच्याजवळ फक्त खाटा होत्या आणि त्या खाटांवर मुलं आठवडेच्या आठवडे राहत. पहिल्या दिवशी पोटदुखीचा, आठव्या दिवशी ठिपक्यांचा आणि वीसाव्या दिवशी पुन्हा पोटदुखीचा रुग्ण एकच आहे, हे कळायला रोज त्याच खाटेपाशी जाणारा माणूस लागतो. या रोगात मूत्रपिंडही सापडतं, हे त्यांनी १८९९ मध्ये जोडलं. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. हेबर्डनच्या पाच वर्षांच्या मुलापासून शंभर वर्षांनी चारही लक्षणं पुन्हा एका ठिकाणी आली होती.

*

आता पोटात नेमकं काय होतं ते सांगतो. मला ते समजायला वेळ लागला.

या रोगात सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना दाह होतो. भिंत सुजते, तिच्यातून रक्त आणि पाणी बाहेर झिरपतं. कातडीत झिरपलं की ठिपका. तो हाताला किंचित उंच लागतो आणि दाबून जात नाही. पायांवर आणि ढुंगणावर तो जास्त, कारण ते भाग खाली असतात आणि तिथं दाब अधिक. सांध्याभोवती झिरपलं की घोटा सुजतो. आणि आतड्याच्या भिंतीत झिरपलं की आतडं जाड होतं, त्याचं आतलं अस्तर ठिकठिकाणी जांभळं पडतं, क्वचित खरवडल्यासारखं होतं. जठरापासून गुदद्वारापर्यंत कुठंही हे घडू शकतं. पण लहान आतड्यावर त्याचा रोख अधिक, त्यातही जठराला लागून असलेल्या ड्युओडेनमच्या उतरत्या भागावर आणि मोठ्या आतड्याला मिळण्याआधीच्या शेवटच्या तुकड्यावर. हा शेवटचा तुकडा अपेंडिक्सच्या अगदी शेजारी असतो. मुलाला उजवीकडे खाली का दुखतं, हे यावरून लक्षात येईल.

निम्म्याहून अधिक मुलांना पोटाचा त्रास होतो. बहुतेकांचा कळा आणि उलट्यांवर थांबतो. काहींच्या शौचात रक्त जातं. कधी लाल, कधी डांबरासारखं काळं, तर कधी फक्त तपासणीतच कळण्याइतकं. शंभरातल्या एक ते पाच मुलांत खरा घात होतो : सुजलेला भाग पुढच्या आतड्यात दुर्बिणीच्या नळीसारखा सरकतो. आतड्यात आतडं अडकलं की वाट बंद होते, रक्तपुरवठा तुटतो, आणि वेळेत सुटलं नाही तर तो तुकडा मरतो. भोक पडणं याहूनही दुर्मीळ, पण जीवघेणं.

तान्ह्या मुलांमध्ये एरवी जे आतडं अडकतं, ते बहुधा लहान आतडं मोठ्यात शिरून. तिथं खालून हवा किंवा पाणी भरून ते मागे ढकलता येतं. पर्प्युरात मात्र अनेकदा लहान आतडंच लहान आतड्यात शिरतं, आणि खालून भरलेली हवा तिथवर पोचत नाही. म्हणून या मुलांच्या पोटाची सोनोग्राफी महत्त्वाची. तीत वर्तुळात वर्तुळ असं चित्र दिसतं. काही वेळा अडकलेलं आपोआप सुटतं, काही वेळा पोट उघडावंच लागतं. हेनोखच्या काळात हे कळलं असतं तरी उपाय जवळपास नव्हता. मुलाचं पोट उघडून अडकलेलं आतडं यशस्वीपणे सोडवण्याची शस्त्रक्रिया लंडनला जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ मध्ये केली. मुलगी दोन वर्षांची होती. हेनोख यांचा चार मुलांवरचा लेख त्यानंतर तीनच वर्षांनी आला.

आणि आता मूळ अडचण. दहा ते वीस टक्के मुलांमध्ये पोट आधी दुखतं, ठिपके नंतर येतात. काही तासांनी, काही दिवसांनी, कधी तर दोन आठवड्यांनी. या मधल्या काळात रोगाचं नाव सांगणारी एकमेव खूण अंगावर नसते.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वीही ओळखली गेली होती. सर विल्यम ऑस्लर यांनी बाल्टिमोरला असताना १८९५ पासून अशा रुग्णांवर एकामागून एक निबंध लिहिले. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावर १९१४ मध्येही. कातडीचा रोग म्हणून जे पाहिलं जातं ते खरं आत, पोटात आणि मूत्रपिंडात चाललेलं असतं, असा त्यांचा सांगावा होता. कातडी कोरी असताना पोटाचे झटके येतात आणि मग शल्यचिकित्सक पोट उघडतो, हा धोकाही त्यांनी दाखवून दिला.

*

आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी ऑस्लरपाशी अडखळलो, कारण तिथून पुढचा काही काळ वैद्यकशास्त्र माझ्या बहिणीच्या सासरच्यांसारखंच बोलत होतं.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ शोधली. एखाद्या पदार्थाशी शरीराचं इतकं वाकडं येतं की दुसऱ्या भेटीत ते उसळून उठतं. ऑस्लर यांनी पर्प्युराचा संबंध या नव्या कल्पनेशी जोडला. १९१५ मध्ये ‘ॲनाफिलॅक्टॉइड पर्प्युरा’ हे नाव आलं आणि अर्धं शतक टिकलं. मग शोध सुरू झाला तो अन्नाचा. १९२० च्या दशकात अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांत हेनोखच्या पर्प्युराला अन्नाची ॲलर्जी जबाबदार धरणारे लेख छापून आले. रुग्णाच्या ताटातून एकेक पदार्थ काढायचा, पुन्हा घालायचा, ठिपके येतात का पाहायचं. रोग स्वभावतःच लाटांनी येणारा, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या पदार्थापाठोपाठ लाट येणारच. ज्या घासानंतर लाट आली, तो दोषी.

हे वाचताना मला एकाच वेळी राग आला आणि हायसंही वाटलं. शिकलेसवरलेले लोक विज्ञानाच्या पानांवर तेच करत होते जे आमच्या ओसरीवर झालं : नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं.

१९४८ मध्ये इंग्लंडच्या डग्लस गेर्डनर यांनी या सगळ्या पसाऱ्याचा नीट आढावा घेतला. पुढच्या दशकांत जास्त जास्त मुलांच्या नोंदी एकत्र आल्या. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९६० मध्ये १३१ मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. या नोंदींतून जे चित्र उमटलं त्यात ताट मागे पडलं आणि घसा पुढे आला. सुमारे निम्म्या मुलांना आजाराच्या आधीच्या काही आठवड्यांत सर्दी-खोकला, घशाचा संसर्ग झालेला असतो. म्हणूनच हा रोग उन्हाळ्यात कमी आणि शरदापासून थंडीत जास्त दिसतो. दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे.

१९६८ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात ज्याँ बेर्झे आणि निकोल अँग्ले यांना मूत्रपिंडाच्या एका आजारात ‘आयजीए’ नावाच्या प्रतिपिंडाचे थर सापडले. पुढच्याच वर्षी बेर्झे यांनी पर्प्युराच्या रुग्णांच्या मूत्रपिंडातही तेच दाखवलं. आयजीए हे घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारं प्रतिपिंड. काही मुलांच्या शरीरात त्याच्या रेणूवरची साखर थोडी अपुरी राहते. असे अपुरे रेणू आपसांत गुंतून जाळी करतात, ती रक्ताबरोबर फिरते आणि बारीक वाहिन्यांच्या भिंतीत अडकते. तिथं दाह पेटतो. घशाचा संसर्ग बहुधा त्याला निमित्त होतो. मुळात हे याच मुलात का, हा प्रश्न अजून चालूच आहे. पण तूप, तीळ, तळण यांना या हकिकतीत जागा नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या परिषदेनं नावही बदललं : आता ‘आयजीए व्हॅस्क्युलायटिस’, म्हणजे आयजीएमुळे होणारा रक्तवाहिन्यांचा दाह. श्योनलाइन आणि हेनोख दोघेही नावातून गेले. निदानाचे निकषही जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये अंकाऱ्याला बसून ठरवले होते : हाताला लागणारे ठिपके असलेच पाहिजेत, आणि त्याबरोबर पोटदुखी, सांधे, मूत्रपिंड किंवा पेशीतपासणी यांपैकी किमान एक. निकष चांगले आहेत. पण ‘पोट आधी’ असलेलं मूल ठिपके येईपर्यंत त्यात बसत नाही. हेबर्डनपासून दोनशे वर्षं गेली, तरी त्या मधल्या दिवसांवर उपाय एकच राहिला : मूल पुन्हा पाहणं. संध्याकाळी पाहणं, सकाळी परत पाहणं, पांघरूण बाजूला करून पाहणं.

उपचारातही वाट पाहण्याला जागा आहे. कॉर्टिसोन आल्यावर, १९५० नंतर, पोटदुखीसाठी स्टेरॉइड दिली जाऊ लागली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची पोटदुखी पहिल्या चोवीस तासांत अधिक प्रमाणात थांबलेली दिसली. पण बहात्तर तासांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. पुढे मोठ्या चाचण्यांत हेही दिसलं, की सुरुवातीलाच स्टेरॉइड दिल्यानं मूत्रपिंडाचा त्रास टळत नाही. तीव्र पोटदुखीत ती देतात. बाकी मुलं बहुतांशी चार-सहा आठवड्यांत आपली आपण बरी होतात. साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा लाट येते. पोट शांत झालं तरी लघवी निदान सहा महिने तपासत राहावी लागते, कारण दीर्घकाळचं नुकसान झालं तर ते तिथं होतं आणि ते दुखत नाही.

हा आजार परदेशी नावाचा असला तरी परका नाही. इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स भागातल्या मुलांची पाहणी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. दर वर्षी एक लाख मुलांमागे सुमारे वीस जणांना हा आजार होत होता. आणि भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांत हे प्रमाण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांपेक्षा जास्त, लाखात चोवीस होतं. चार ते सहा वर्षांची मुलं सर्वांत जास्त. आमची भाची सहा वर्षांची होती.

*

शेवटी पुन्हा त्या डिस्चार्ज कार्डाकडे येतो. त्याला टाचलेला एक कागद होता, शस्त्रक्रियेच्या नोंदीचा. बरीच वर्षं मला तो वाचता येत नव्हता. आता येतो. अपेंडिक्स साधारण दिसत असल्याचं त्यात लिहिलं आहे. आणि पुढच्या ओळीत : लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजलेला, लालसर, वर रक्ताचे ठिपके.

म्हणजे ठिपके पाडव्याच्या पहाटेच दिसले होते. पायावर उमटण्याच्या आदल्या दिवशी ते आतड्यावर होते, आणि शल्यचिकित्सकांनी ते पाहून प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले होते. फक्त त्या ओळीचा गुडघ्याशी, घोट्याशी आणि पंधरवड्यापूर्वीच्या तापाशी संबंध कुणी लावला नाही. आम्हीही त्यांना गुडघा आणि ताप सांगितला नव्हता. पोटाच्या डॉक्टरला गुडघा कशाला सांगायचा?

त्या शल्यचिकित्सकांना दोष द्यावा असं मला आज वाटत नाही. खरा अपेंडिक्स असता आणि वाट पाहत बसलो असतो, तर फुटला असता. आतड्यात आतडं अडकलं असतं तर पोट उघडावंच लागलं असतं. सोनोग्राफी नसलेल्या रात्री, उलट्या करणारं सहा वर्षांचं मूल समोर असताना त्यांनी जे केलं त्याला कारण होतं. पण आम्ही घरच्यांनी प्रत्येक दुखण्याला दिवाळीतलं वेगळं कारण शोधून दिलं : गुडघ्याला किल्ला, पोटाला फराळ, ठिपक्यांना उटणं. एकेक कारण पटण्यासारखं होतं. त्यामुळेच ती चार दुखणी आमच्या डोक्यात शेजारी आली नाहीत. हेबर्डनपासून हेनोखपर्यंतच्या लोकांनी शंभर वर्षं जे केलं ते इतकंच होतं, ती शेजारी आणून ठेवणं.

भाचीची लघवी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तपासत राहिलो, ती स्वच्छ राहिली. एक लाट नाताळात पुन्हा आली. या वेळी आधी ठिपके, मग पोट, आणि कुणी घाबरलं नाही. आज तिला स्वतःची मुलगी आहे. पोटाच्या उजव्या बाजूला बोटभर व्रण आहे, तिचा तिलाच आठवत नाही एरवी.

या लेखाचा कच्चा खर्डा मी ताईला वाचून दाखवला. सगळं ऐकून ती म्हणाली, “सहा महिने लघवीचा तो भाग पुन्हा वाच.” वाचला. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “आई माझ्या घरी शेवटचं आली होती ना, तेव्हा नातीच्या ताटात लाडू वाढताना तिचा हात थांबला होता. मी पाहिलं होतं. बोलले नाही.”

मीही तेव्हा बोलण्यासारखं काही जाणत नव्हतो. आता जाणतो, म्हणून लिहून ठेवतो. त्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, आमच्या घरात कढई चढण्याच्याही आधी, दुसऱ्या गावात, भाचीचा घसा दुखला होता. सुरुवात तिथून झाली असावी. फराळानं काही झालं नव्हतं, आई.